घसरणारा फोकसर

३ मार्च, मंगळवार

पडली! शेवटी पडलीच! फोकसरची नळी नेत्रिकेसकट निसटली आणि थेट धूमकेतूच्या — आमच्या आकाश-मंडळातल्या त्या गृहस्थाच्या — पायावर.

भिंगाला काही झालं नाही, कारण मध्ये त्याचा अंगठा होता. अंगठा काळानिळा. पण हा गृहस्थ आधी वाकून भिंगच तपासत बसला. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, त्याचीच — चांगली जड, मोठ्या भिंगांची, मला दाखवायला म्हणून हौसेने आणलेली. मी बर्फ आणायला खाली पळाले. परत गच्चीवर येते तर हा एका पायावर उभा, नळी जागेवर घालून हाताने धरून ठेवलेली, आणि डोळा दुर्बिणीला! म्हणाला, गुरूचे चारही चंद्र दिसतायत, या लवकर. गेले. बर्फ माझ्या मुठीतच वितळला.

दोष सगळा त्या फोकसरचा. दुर्बिणीच्या कुशीतून बाहेर आलेली नळी, तिच्यात नेत्रिका बसवायची आणि नळी आतबाहेर सरकवत चित्र स्पष्ट करायचं. एवढंच काम, आणि तेवढंही तिला कधी धड जमलं नाही. ह्यांनी ती सिंकखालच्या पितळी पाइपातून बनवली होती. अख्खी दुर्बीण घरी बांधायची तर फोकसरच तेवढा विकतचा कशाला, असं ह्यांचं म्हणणं. आतून मखमलीची पट्टी लावली, ती झिजली. मग जुन्या स्वेटरची लावली, तीही झिजली. हे होते तेव्हा मी त्या पाइपाच्या नावाने खडे फोडायचे, हे गेल्यावरही फोडते. त्यात खंड नाही.

बस झालं आता. बदलायचा.

४ मार्च

सकाळी नणंदेला सांगितलं — फोकसर बदलतेय, विकतचा आणणार. ती पावाला लोणी लावत होती. थांबली. 'दादाने केलेलं आहे ते,' म्हणाली. मग पुन्हा लोणी लावायला लागली, पण पावाच्या त्याच एका कोपऱ्याला, कितीतरी वेळ.

तिचा भाऊ, माझा नवरा. हे गेल्यावर जो तो विचारायचा, आता तुम्ही दोघी कोण कुठे राहणार? आम्ही कोणालाच उत्तर दिलं नाही आणि दोघी इथेच राहिलो. ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त झाली, पण आवाज अजून मैदानाच्या त्या टोकाला जाईल असा. गच्चीवर मात्र पाऊल ठेवत नाही. तारे खालूनही दिसतात म्हणते.

७ मार्च

दात बनवायच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कवळ्यांचा ढीग. जगातले सगळे दात एकदम पडले की काय? प्लॅस्टर सुकेपर्यंत मोबाइलवर फोकसर शोधत बसले. शेवटी दोन चाकांचा पसंत पडला. मोठं चाक फिरवलं की नळी भराभर सरकते, छोटं फिरवलं की केसाएवढी. स्क्रू आवळला की जागची हलत नाही. मालक मागून डोकावले, हे कसलं यंत्र म्हणून विचारलं. म्हटलं, घरच्यासाठी आहे. त्यांचा समज असा झाला की मी घरी कवळ्या करून विकणार! दिवसभर माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होते.

मागवला एकदाचा.

संध्याकाळी धूमकेतूचा फोन. अंगठ्याचं नख गळणार म्हणतो — बक्षीस लागल्यासारखं सांगत होता. मग फोकसरवर बराच वेळ. हा माणूस आमच्या आकाश-मंडळात येतो कधी, जातो कधी, पत्ताच नसायचा. वर्षभराने उगवायचा, पिकलेले केस मागे उडत — म्हणून धूमकेतू. पोटापाण्यासाठी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. बायको फार पूर्वी वेगळी झाली. तेही तो एखाद्या अपघाताची हकिकत सांगावी तसं शांतपणे सांगतो, चूक कोणाची होती तेवढं वगळून.

८ मार्च

नणंद म्हणाली, तुझा धूमकेतू हल्ली आठवड्याला उगवतो, त्याचं नाव बदल. मी म्हटलं, दुर्बिणीचं काम आहे. म्हणाली, असेल.

१२ मार्च

आला! खोक्यात खोकं, त्यात स्पंज, त्यात हा. काळाभोर, दोन्ही बाजूंना चाकं. मोठं चाक फिरवलं — लोण्यासारखं. छोटं फिरवलं — नळी हलतेय की नाही तेच कळेना, इतकी हळू. जेवणाच्या टेबलावर ठेवून मी नुसती फिरवत बसले. मूल झाल्यासारखं वाटत होतं! नणंदेने त्याच्या कडेकडेने ताटं मांडली.

मग वर जाऊन मापं घेतली आणि उत्साहाची हवा गेली. नव्या फोकसरची बैठक रुंद आहे. दुर्बिणीच्या अंगाला आहे ते भोक अपुरं. स्क्रूची भोकंही जुळत नाहीत. म्हणजे दुर्बीण कापावी लागणार. ह्यांनी बांधलेली, ह्यांनी निळी रंगवलेली.

१३ मार्च

आज जेवताना ठिणगी पडली. नणंदेने विचारलं, बसवणार कधी? मी कापायचं सांगितलं. तिने घास खाली ठेवला. मी आपलं सांगत सुटले — हे असते तर ह्यांनी स्वतःच कापली असती, ह्यांना तर करवत हातात घ्यायला निमित्तच लागायचं.

'तो असता तर,' ती म्हणाली. 'त्याने कापणं वेगळं, तू कापणं वेगळं.'

आणि आपल्या खोलीत गेली. दार लावलं.

मी भांडी घासली. मग दाराबाहेर उभी राहिले आणि दारालाच सांगितलं की मला ती दुर्बीण वापरायची आहे. नुसती पुसून ठेवायची नाहीये.

खरं तर मलाही कापवत नाहीये. इथे लिहायला काय हरकत आहे?

१४ मार्च, शनिवार

कापली!!

सविस्तर लिहिते. सकाळी धूमकेतू मदतीला हजर. पायात सँडल, अंगठ्याला पट्टी. आधी आम्ही तळातला मोठा आरसा काढून उशीवर ठेवला, वर स्वच्छ चादर — एखाद्या पेशंटसारखा! मग ते लांबलचक नळकांडं दोन स्टुलांवर आडवं केलं. जाड पुठ्ठ्याचं आहे ते, बांधकामात गोल खांब ओतायला वापरतात तसलं. सिंकचा पाइप हात लावताच निघून आला, इतका सैल. मी वर्कशॉपमधून प्लॅस्टर कापायची बारीक करवत आणि लाल मेण आणलं होतं. मेणाने नवं वर्तुळ आखलं. हात धुतले. पुन्हा आखलं. पुन्हा हात धुतले.

धूमकेतूने विचारलं, मी कापू का? मी नको म्हटलं. ते त्याला पटलं. बाजूला उभा राहिला. मी करवत टेकवली की याचा उजवा पाय आपोआप जमिनीत दाबला जायचा — ब्रेक! शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून लागलेली सवय. मला हसू यायला लागलं आणि हसता हसता करवत भरकटायला लागली. अशाने काय होणार! नळकांडंही स्टुलावर गोल फिरायचं, धूमकेतू एकीकडून धरायचा तर दुसरीकडून घसरायचं.

तेवढ्यात जिन्यात पावलं. नणंद. गच्चीवर!

आली, पदर खोचला, खाली बसली आणि दोन्ही हातांनी नळकांडं असं धरलं की जागचं हलेना. माझ्याकडे बघितलं नाही. 'काप,' म्हणाली. 'सरळ काप. वेडंवाकडं केलंस तर मात्र बोलीन.'

कापलं. पुठ्ठ्याची भुकटी तिच्या केसांत, माझ्या केसांत. अर्धं वर्तुळ झाल्यावर पाहिलं, तिचे डोळे भरले होते. माझेही. दोघी एकमेकींकडे न बघता तेच काम करत राहिलो. धूमकेतू चहा करायला खाली गेला. न सांगता गेला, आणि बराच वेळ लावला.

सिंकचा पाइप नणंदेने पदराने पुसला आणि आपल्या कपाटात नेऊन ठेवला. मी म्हटलं, ठेव. तुझाच आहे.

१५ मार्च

मान आखडली. धूमकेतू चहात साखर विसरला होता, ते आज आठवलं. काल कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

१६ मार्च

बैठक नीट बसेना. नळकांडं गोल, फोकसरचं बूडही गोल, पण दोघांची गोलाई किंचित वेगळी. कुठे टेकतंय, कुठे नाही, दिसेना. धूमकेतू म्हणाला रबर घाला. रबराने डुगडुगलं.

मग दुपारी वर्कशॉपमध्ये कॅप बसवताना डोक्यात उजेड पडला. नवी कॅप कुठे उंच लागते ते बघायला आम्ही दातांमध्ये निळा कागद धरतो. पेशंटने चावलं की जिथे टेकतं तिथे निळा डाग! तसाच कागद घरी आणला, फोकसरखाली ठेवला, दाबला. तीन निळे डाग. तेवढंच घासलं. पुन्हा कागद, पुन्हा डाग, पुन्हा घासलं. शेवटी सगळीकडे सारखा निळा. स्क्रू आवळले. दुर्बिणीचा चावा जमला!

धूमकेतूला फोन करून सांगितलं. इतका खूश झाला की त्याच्या गाडीत बसलेल्या शिकाऊ बाईंनाही सगळी हकिकत ऐकवली. मागून त्यांचा आवाज आला, 'अहो, सिग्नल हिरवा झालाय.'

१८ मार्च

सत्यानाश.

संध्याकाळी आरसा परत बसवला, दुर्बीण गुरूवर लावली. गुरू म्हणजे पिठाचा गोळा. मोठं चाक आत फिरवलं — जरा बरं. आणखी आत — आणखी बरं. आणि चाक अडलं. नळी पार आत गेली होती. अजून थोडी आत हवी होती, पण जाणार कुठे? नवा फोकसर जुन्या पाइपापेक्षा उंच आहे, हे मी मोजलंच नव्हतं. मोजायला हवं होतं. दातांचं काम करणाऱ्या बाईने उंची मोजू नये?

धूमकेतूने बघितलं, त्याला तर माझ्यापेक्षा अंधुक. मंडळाने अठ्ठावीसला बागेत लोकांना चंद्र दाखवायचं ठरवलंय, आणि मी आमची दुर्बीण आणते म्हणून छातीठोक सांगून बसलेय. कापलेलं आता जोडता येत नाही. ह्यांची चालती दुर्बीण मी हौसेपायी मोडून ठेवली. भिंतीला टेकून खालीच बसले.

नणंद वाळलेले कपडे काढायला आली होती (हल्ली कपडे गच्चीवर वाळत घालते!). आमची तोंडं बघून चष्मा काढला आणि वाकून नेत्रिकेला डोळा लावला. बराच वेळ. मग म्हणाली, 'मला तर छान दिसतंय. चार ठिपके आहेत बाजूला. तुम्हा दोघांना झालंय काय?'

मला वाटलं, समजूत घालतेय. पण ती ठिपके कुठे कुठे आहेत ते बोटाने दाखवत होती, आणि बरोबर होते! धूमकेतूने तिचा चष्मा हातात घेतला, डोळ्यासमोर धरला. जाड, अधिक नंबरचा. आमच्या दोघांचे उणे नंबरचे, आणि दुर्बिणीशी आम्हीही ते काढूनच बघतो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांना एकदम समजलं, आणि आम्ही हसायलाच लागलो. तिच्या डोळ्याला नेत्रिका जरा बाहेर लागते, आमच्या डोळ्यांना आत. म्हणजे गाडं फार हुकलेलं नाही. जरासंच हुकलंय!

नणंद म्हणाली, हसताय काय, मला नीट बघू द्या. आणि पुन्हा वाकली. कपडे तिथेच राहिले.

१९ मार्च

नेत्रिका आत जात नाही तर आरसा पुढे आणायचा. किती सोपं! आरशामागचे स्क्रू लांब घातले की झालं. रात्री आनंदाने झोप लागेना.

२२ मार्च, रविवार

झालं.

स्क्रू धूमकेतूने शोधून आणले. नको तितके आणले, एवढ्या स्क्रूंत आणखी एक दुर्बीण होईल. आरसा बोटभर पुढे आला. संध्याकाळी पश्चिमेला चंद्राची कोर. आधी मोठं चाक. कोर रेखीव होत गेली. मग छोटं. जरासं पुढे, जरासं मागे — आणि एकदम सगळं जागच्या जागी! डोंगरांची टोकं अंधारात एकेकटी चमकत होती. विवरांच्या कडा इतक्या धारदार की बोट कापेल. मी हात काढून घेतला. नळी तिथेच. घसरली नाही. जड नेत्रिका लावली. तरीही तिथेच!

इतकी वर्षं आम्ही या आरशाला सामान्य समजत होतो. ह्यांना तर वाटायचं की आरसाच आपल्याला जेमतेम मिळाला. आरसा उत्तमच होता हो. तो काय दाखवतोय ते आपल्याला नीट धरता येत नव्हतं.

हे ह्यांनी बघायला हवं होतं. नणंद आली, बघितलं, म्हणाली, 'दादा ओरडला असता इथून, सगळी गल्ली गोळा केली असती.' खरंच केली असती.

२८ मार्च, शनिवार

बागेत ही गर्दी! अर्ध्याहून मोठा चंद्र, आकाश स्वच्छ. चार दुर्बिणी होत्या, आमच्यासमोर रांग सगळ्यांत लांब. लोक डोळा लावायचे ते हटायचेच नाहीत. एक आजोबा बघून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, असं कितीतरी वेळा. एका बाईंनी माझा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही.

रांगेची व्यवस्था नणंदेकडे. शिट्टी घेऊन आली होती! एकाने मध्ये घुसायचा प्रयत्न केला, त्याच्याकडे तिने असं बघितलं की तो बागेबाहेरच गेला. धूमकेतू नेत्रिकेपाशी उभा — चाक हळू, हळू, घाई नाही, समोर बघा — अगदी गाडी शिकवल्यासारखं. त्याच्या त्या आवाजात एक काहीतरी आहे. घाबरलेला माणूस स्थिर होतो.

अध्यक्षांनी लोकांसमोर विचारलं, ही दुर्बीण कोणाची? मी तोंड उघडण्याआधी नणंदेचा मैदानी आवाज, 'माझ्या भावाने बांधली, माझ्या वहिनीने सुधारली.' टाळ्या पडल्या. मी चाकाशी उगाच खेळत राहिले, मान वर करवेना.

येताना धूमकेतूने नळकांडं खांद्यावर घेतलं. नणंद भराभर पुढे निघून गेली, गुडघे दुखतात म्हणणारी बाई! आम्ही दोघं मागे. दाराशी नळकांडं उतरवून ठेवलं, म्हणाला, 'आता काही दुरुस्त करायचं राहिलं नाही.' मी म्हटलं, नाही राहिलं. मग उभाच होता. मग गेला.

३१ मार्च

धूमकेतूचा फोन नाही.

१ एप्रिल

नाही.

२ एप्रिल

आज संध्याकाळी फोकसरचे स्क्रू सैल करून बघत होते. कशासाठी? कुठे काही बिघडलंय का, शोधत होते! बिघडलेलं नाही. उत्तम चाललंय. मी स्क्रू पुन्हा आवळले आणि हसले, आणि मग हसू थांबलं. या वयात! फोनकडे बघत बसायचं हे वय आहे का?

पण शनी उगवला की आधी कोणाला सांगावंसं वाटतं, हे स्वतःला विचारलं तर उत्तर काय येतं? खोटं कोणाशी बोलू, या वहीशी?

नणंद काय म्हणेल. ती एकच माझी माणूस आहे. पुठ्ठा कापायला तिने धरलं होतं. हे कसं धरेल?

३ एप्रिल

वर्कशॉपमध्ये एका कवळीला एक दात जास्तीचा बसवला.

४ एप्रिल, शनिवार

मीच लग्नाचं विचारलं. भर रस्त्यात, त्याच्या गाडीपाशी उभं राहून. दुर्बिणीचं नाव काढलं नाही. तो हो म्हणाला. मग म्हणाला, मी कधीचा हो म्हणून बसलोय, तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं.

नणंदेला कसं सांगायचं, शब्द जुळवत जिना चढले. एकही जुळला नाही. ती दारातच उभी होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. मला जवळ घेतलं. मग जरा वेळाने, तिच्या त्या आवाजाला न शोभणाऱ्या आवाजात विचारलं, 'मग आता मी तुला काय म्हणू?'

'वहिनीच म्हण.'

'बरं झालं,' म्हणाली. 'दुसरं काही मला जमलं नसतं.'